बेरीज झाली होती, पोचली नव्हती

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल ही अमेरिकी शेअर दलाली कंपनी ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम हरली. त्या वेळच्या दराने अडीच हजार कोटी रुपयांच्या वर. चोरी झाली नव्हती, बाहेरून कुणी यंत्रणेत शिरलं नव्हतं, बाजारही कोसळला नव्हता. एका ऑर्डरपैकी किती शेअर घेऊन झाले, ही बेरीज ज्या प्रोग्रामला हवी होती त्याला ती मिळाली नाही.

हा घटनाक्रम मुख्यतः अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे सेकने, नंतर काढलेल्या आदेशातून उभा राहतो. वेळा न्यूयॉर्कच्या आहेत आणि शेजारी उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या. ऑगस्टमध्ये दोन्ही घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर असतं. मुरुमची वेळ मुद्दाम दिली आहे. उमरगा तालुक्यातून शिकून पुण्याला, हैदराबादला गेलेली मुलंमुली आज अशाच प्रकारचा कोड लिहितात: एका टेबलच्या नावावर दुसऱ्या टेबलमधली बेरीज दाखवणारा. हे त्यांनी वाचावं.

२००३

नाइटच्या ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या यंत्रणेचं नाव स्मार्स. कंपनीच्या इतर भागांतून तिच्याकडे मोठी ऑर्डर येते. तिला पेरेंट ऑर्डर म्हणतात. स्मार्स तिचे तुकडे करून ते वेगवेगळ्या बाजारांकडे पाठवते. त्या चाइल्ड ऑर्डर.

मुरुमच्या बाजार समितीत एखाद्या खरेदीदाराने आपल्या माणसाला १०० क्विंटल तूर घ्यायला सांगितली, तर ती एका ढिगात मिळत नाही. एका आडतीवर १२ क्विंटल, दुसरीवर २०, तिसरीवर ८. प्रत्येक तोलाची पट्टी होते. पट्ट्यांची बेरीज १०० वर आली की माणूस थांबतो. त्याला थांबवते ती बेरीज. ती त्याला कळलीच नाही, तर तो घेतच राहील, आणि त्याचा प्रत्येक सौदा वेगळा पाहिला तर नियमाप्रमाणेच असेल.

स्मार्समध्ये पॉवर पेग नावाची एक सोय होती. चाइल्ड ऑर्डरचे सौदे होत जातील तसे पेरेंट ऑर्डरचे किती शेअर झाले, हे मोजणारं एक फंक्शन तिच्यात होतं. संख्या भरली की पॉवर पेग नवी चाइल्ड ऑर्डर पाठवणं थांबवायचं.

२००३ मध्ये नाइटने पॉवर पेग वापरणं बंद केलं. कोड मात्र काढला नाही. तो सर्व्हरवर राहिला, आणि बोलावलं तर चालेल अशा स्थितीत राहिला.

२००५

बेरीज मोजणारं ते फंक्शन पॉवर पेगच्या कोडमधून उचलून स्मार्सच्या क्रमात आधीच्या टप्प्यावर नेण्यात आलं. हलवल्यानंतर पॉवर पेग अजून थांबतं का, हे कुणी तपासलं नाही. दोन वर्षं कुणी वापरत नसलेल्या सोयीची चाचणी झाली नाही.

या एका बदलापाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं इथून निघतं.

डेटाबेसमधली टेबलं कोडमध्ये ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणाऱ्या सोयीला ओआरएम म्हणतात. नाइटच्या प्रकरणात हा शब्द कुठे येत नाही. पण आज हीच रचना जँगो किंवा ओडू अशा ओआरएम असलेल्या फ्रेमवर्कमध्ये लिहिली तर ऑर्डरच्या मॉडेलवर एक कम्प्युटेड प्रॉपर्टी ठेवली जाईल: 'भरलेली संख्या'. वापरणाऱ्याला ती ऑर्डरच्या तारखेसारखी, दरासारखीच दिसते. ऑर्डर, टिंब, भरलेली संख्या. एवढं लिहिलं की आकडा मिळतो. डेटाबेसमध्ये ऑर्डरच्या टेबलात असा कॉलमच नसतो. विचारणा झाली की प्रॉपर्टी चाइल्ड ऑर्डरच्या टेबलात जाते, ओळी गोळा करते, बेरीज करून आणते.

ही सोय चांगली आहे. वाचणाऱ्याला दुसऱ्या टेबलची रचना माहीत असावी लागत नाही. पण त्याच सोयीमुळे आकडा कुठून येतो हेही त्याला दिसत नाही. २१२ ऑर्डरची यादी काढली, तर नीट न लिहिलेली प्रॉपर्टी एका क्वेरीच्या जोडीला आणखी २१२ क्वेरी चालवते. बेरीज एकदा काढून ठेवण्याची सोय केली, तर नवे सौदे झाल्यावरही त्याच ऑब्जेक्टवर जुनाच आकडा मिळू शकतो. ओडूमध्ये साठवलेलं फील्ड कशावर अवलंबून आहे हे अर्धवट नोंदवलं, तर मूळ आकडा बदलतो आणि हा बदलत नाही. यांपैकी कशातही प्रोग्राम बंद पडत नाही. तो चालतो, आणि चुकीच्या आकड्यावर चालतो.

बेरीज हलवणाऱ्याला बेरीज दिसत असते. तिच्या भरवशावर कोण थांबणार आहे, हे शोधावं लागतं. २००५ मध्ये ते शोधलं गेलं नाही.

ऑक्टोबर २०११

पहिला इशारा. नाइटने शनिवार-रविवारी आपत्तीची तालीम घेतली आणि तीत चाचणीचा डेटा वापरला. सोमवारी बाजार उघडल्यावर एका विभागात तोच डेटा चालू राहिला, आणि यंत्रणा त्यावरून भाव देत राहिली. सुमारे ७५ लाख डॉलर गेले.

ती विशिष्ट चूक दुरुस्त झाली. पण यंत्रणेकडून भलत्या ऑर्डर बाहेर पडू लागल्या तर त्यांना कोण आणि कसं अडवणार, हा मोठा प्रश्न तसाच राहिला.

जुलै २०१२

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला किरकोळ गुंतवणूकदारांच्या ऑर्डरसाठी जरा बरा भाव देणारी नवी योजना सुरू करायला परवानगी मिळाली. तिचं संक्षिप्त नाव आरएलपी. सुरुवात १ ऑगस्टला.

नाइट लहान कंपनी नव्हती. अमेरिकेतल्या नोंदणीकृत शेअरच्या एकूण उलाढालीपैकी साधारण १० टक्के तिच्यामार्फत होत असे. नव्या योजनेत पहिल्या दिवसापासून असायचं, तर स्मार्समध्ये नवा कोड हवा होता.

नवा कोड पॉवर पेगच्या जागी बसवायचं ठरलं. सोबत आणखी एक छोटा निर्णय झाला. पॉवर पेग चालू करण्यासाठी पूर्वी जो फ्लॅग वापरत, तोच आता आरएलपीसाठी वापरायचा. फ्लॅग 'हो' असेल तर नव्या कोडने काम करायचं. जुना कोड काढून टाकला जाणार, हे त्यात गृहीत होतं.

म्हणजे एकाच फील्डला आता दोन अर्थ होते. कोणता लागू होईल, हे त्या सर्व्हरवर कोणता कोड आहे यावर ठरणार होतं.

२७ जुलै, शुक्रवार

नवा कोड सर्व्हरवर चढवायला सुरुवात झाली. स्मार्सचे सर्व्हर एकूण ८. एकदम सगळीकडे न टाकता, एकामागून एक दिवस, थोड्या थोड्या सर्व्हरवर तो टाकायचा होता. ही पद्धत सावधगिरीची होती.

७ सर्व्हरवर नवा कोड गेला. आठव्यावर एका तंत्रज्ञाकडून तो टाकायचा राहिला.

दुसऱ्या तंत्रज्ञाने येऊन ते काम पाहिलं नाही. पाहायला हवं, असा लेखी नियम कंपनीत नव्हता. आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग तसंच राहिलं आणि आरएलपीचा कोड नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

१ ऑगस्ट, बुधवार
सकाळी ८:०१ (मुरुम: संध्याकाळी ५:३१)

बाजार उघडायला १ तास २९ मिनिटं आहेत. बाजारपूर्व व्यवहारासाठी पात्र असलेल्या ऑर्डर स्मार्समध्ये येऊ लागल्या आहेत. कंपनीच्या एका आतल्या यंत्रणेकडून काही कर्मचाऱ्यांना आपोआप ईमेल जातो. त्यात स्मार्सचा उल्लेख आहे आणि चूक नोंदवली आहे: पॉवर पेग बंद आहे.

नऊ वर्षं न वापरलेल्या सोयीचं नाव ईमेलमध्ये आलं आहे.

८:०१ ते ९:३० (मुरुम: ५:३१ ते ७:००)

असे एकूण ९७ ईमेल जातात. हे संदेश धोक्याची सूचना म्हणून आखलेले नाहीत आणि आल्या आल्या ते वाचायची कंपनीत रीत नाही. त्या दिवशीही त्यांवर कुणी कृती करत नाही.

या ९७ पैकी एकाचा माग काढला असता तर दोन गोष्टी पुढे आल्या असत्या: आठव्या सर्व्हरवर नवा कोड नाही, आणि जुना आहे. ते कळायला जवळपास दीड तास हाताशी होता.

९:३० (मुरुम: संध्याकाळी ७:००)

बाजार उघडतो. आरएलपीसाठी पात्र ऑर्डर येऊ लागतात. त्यांच्यावरचा फ्लॅग 'हो' आहे.

७ सर्व्हर त्या बरोबर हाताळतात. आठवा सर्व्हर फ्लॅग पाहतो आणि जुन्या अर्थाने वाचतो. पॉवर पेग सुरू होतं.

ते पहिली चाइल्ड ऑर्डर पाठवतं. सौदा होतो. दुसरी पाठवतं. सौदा होतो. पेरेंट ऑर्डर भरली की थांबायचं, हे त्याला ठाऊक आहे. भरली हे सांगणारं फंक्शन मात्र सात वर्षांपूर्वी तिथून हललं आहे.

पेरेंट ऑर्डर भरल्याची नोंद नाइटच्या ऑर्डर हाताळणाऱ्या यंत्रणेच्या एका भागाकडे त्या वेळी आहे. सेकच्या आदेशात हे स्पष्ट आहे. ती माहिती स्मार्सपर्यंत गेली नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे.

९:३१ (मुरुम: ७:०१)

पुढच्या ४५ मिनिटांची सरासरी काढली तर दर मिनिटाला सुमारे ८९ हजार सौदे होत होते. दर सेकंदाला सुमारे १,४८०. दर मिनिटाला कंपनीचे १ कोटी डॉलरहून जास्त जात होते.

काही शेअर वर चढू लागतात, काही घसरू लागतात. त्यामागे बातमी नाही, निकाल नाहीत. बाजारातल्या इतर लोकांना दिसतं की कुणीतरी अखंड घेतंय आणि विकतंय.

९:३० नंतर, नेमकी मिनिटं नोंदलेली नाहीत

सगळे नको असलेले सौदे '३३' नावाच्या एका खात्यात जमा होत आहेत. हिशेबात न बसणारे सौदे ठेवायची ही जागा. या खात्यासाठी २० लाख डॉलरची मर्यादा ठरलेली होती. ती मर्यादा ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेला जोडलेली नव्हती. खातं मर्यादेपलीकडे गेलं तरी ऑर्डर अडत नव्हती.

इथेही तेच घडत होतं. आकडा होता, मर्यादा होती, आणि ज्याने थांबायचं त्याला दोन्हींपैकी काही दिसत नव्हतं.

खात्यावर नजर ठेवायला पीमॉन नावाचं साधन होतं. ते आपोआप इशारा देत नसे. माणसाने पडद्याकडे पाहून ओळखायचं, आणि ठरलेली मर्यादा काय हे त्या पडद्यावर दाखवलं जात नसे.

त्याच ४५ मिनिटांत

काहीतरी बिघडलं आहे हे आता कंपनीत कळलं आहे. कुठे, हे कळलेलं नाही. बाजार चालू आहे आणि तंत्रज्ञ चालू यंत्रणेतच दोष शोधत आहेत. अशा वेळी काय करायचं, आधी काय बंद करायचं, याची लेखी पद्धत नाही.

संशय नव्या कोडवर जातो. तो साहजिक आहे. आज सुरू झालेली गोष्ट तीच. नवा कोड ज्या ७ सर्व्हरवर नीट बसला होता, तिथून तो काढून टाकला जातो.

येणाऱ्या ऑर्डरवरचा फ्लॅग अजून 'हो'च आहे. आता तो आठही सर्व्हरवर जुन्या अर्थाने वाचला जातो. एका सर्व्हरवर चाललेलं पॉवर पेग उरलेल्या सातांवरही सुरू होतं.

साधारण १०:०० (मुरुम: साधारण ७:३०)

याच सुमारास महाराष्ट्राचं लक्ष दुसरीकडे गेलेलं आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर कमी तीव्रतेचे स्फोट होऊ लागले आहेत. त्या रात्री मराठी वाहिन्यांवर पुणे असणार आहे. दूरच्या एका दलाली कंपनीची बातमी त्या दिवसाच्या मराठी आठवणीत फारशी नसण्याचं एक कारण हे.

साधारण १०:१५ (मुरुम: ७:४५)

ऑर्डर थांबतात. ४५ मिनिटं झाली आहेत.

आत आलेल्या पेरेंट ऑर्डर: २१२.
झालेले सौदे: ४० लाखांहून अधिक.
शेअर: ३९ कोटी ७० लाखांहून अधिक.
कंपन्या: १५४.

८० कंपन्यांमध्ये नाइटकडे सुमारे ३.५ अब्ज डॉलरचे नको असलेले शेअर आहेत. ७४ कंपन्यांमध्ये तिने सुमारे ३.१५ अब्ज डॉलरचे शेअर हातात नसताना विकले आहेत. १५४ पैकी ७५ शेअरमध्ये त्या वेळच्या उलाढालीचा २० टक्क्यांहून जास्त भाग एकट्या नाइटचा होता, आणि त्यांचे भाव ५ टक्क्यांहून जास्त हलले. त्यांतल्या ३७ शेअरमध्ये नाइटचा वाटा निम्म्याहून अधिक होता आणि भाव १० टक्क्यांहून अधिक हलले.

ग्राहकांनी मागितले होते ते २१२ ऑर्डरचे शेअर. ते केव्हाच घेऊन झाले होते.

त्याच दिवशी

नाइट झालेले सौदे रद्द करून मागते. ३० टक्के किंवा त्याहून जास्त हललेल्या फक्त ६ शेअरमधले सौदे रद्द होतात. बाकीचे नियमाप्रमाणे झालेले आहेत आणि ते नाइटचेच राहतात. साठलेले शेअर गोल्डमन सॅक्सला सवलतीत विकले जातात.

दुपारी ४:०० (मुरुम: मध्यरात्रीनंतर १:३०)

बाजार बंद होतो. नाइटचा स्वतःचा शेअर एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने खाली आला आहे.

२ ऑगस्ट, गुरुवार

कंपनी तोटा जाहीर करते: सुमारे ४४ कोटी डॉलर. हिशेब पूर्ण झाल्यावर तो ४६ कोटींच्या वर जाईल. शेअर पुन्हा कोसळतो. दोन दिवसांपूर्वी १० डॉलरच्या वर असलेला शेअर आता ३ डॉलरच्याही खाली आहे.

६ ऑगस्ट, सोमवार

काही गुंतवणूकदार मिळून ४० कोटी डॉलर घालतात. त्यांत जेफरीज, ब्लॅकस्टोन, टीडी अमेरिट्रेड आणि गेटको आहेत. कंपनी तरते. जुन्या भागधारकांकडे तिचा छोटा हिस्साच उरतो.

१ जुलै २०१३

नाइट आणि गेटको एकत्र होतात. स्वतंत्र कंपनी म्हणून नाइट संपते.

१६ ऑक्टोबर २०१३

सेकचा आदेश येतो. दंड १ कोटी २० लाख डॉलर. बाजारात थेट ऑर्डर पाठवणाऱ्या दलालांनी धोका आवरणारी व्यवस्था ठेवलीच पाहिजे, या नियमाखालची ही पहिली कारवाई.

आदेशात एका तंत्रज्ञाच्या विसरण्यावर सगळा भार टाकलेला नाही, आणि ते योग्य आहे. माणूस विसरतो. आठ सर्व्हरपैकी एक राहू शकतो. दोष आहे तो त्या विसरण्यापाशी दुसरं कुणी उभं नसण्याचा. दुसऱ्या नजरेचा नियम नव्हता. ९७ ईमेल होते, पण ते वाचायचे म्हणून कुणाला दिलेले नव्हते. २० लाखांची मर्यादा कागदावर होती, ऑर्डर पाठवणाऱ्या कोडला ती माहीत नव्हती. आणि या सगळ्याच्या तळाशी होतं ते २००५ मध्ये हललेलं फंक्शन.

पुण्यात किंवा हैदराबादमध्ये आज कुणी मॉडेलवर कम्प्युटेड प्रॉपर्टी लिहीत असेल, तर त्याच्यासमोर यातली बहुतेक कामं रोजचीच आहेत. बेरीज कोणत्या टेबलवर अवलंबून आहे, ते लिहून ठेवायचं. हिशेब हलवायचा असेल, तर तो वाचणारी प्रत्येक ओळ शोधायची आणि प्रत्येकीची चाचणी पुन्हा चालवायची. वापरात नसलेला कोड काढून टाकायचा, आणि काढता येत नसेल तर त्याचीही चाचणी ठेवायची. जुन्या फील्डला नवा अर्थ देण्याऐवजी नवं फील्ड करायचं. थांबण्याचा निर्णय ज्या आकड्यावर आहे, तो आकडाच मिळाला नाही तर प्रोग्रामने पुढे जाऊ नये, तिथेच अडावं. आणि सर्व्हरवर कोड चढला का, हे चढवणाऱ्याखेरीज दुसऱ्याने पाहावं.

बेरीज हलवणाऱ्याने तिचे वाचणारे मोजावेत. वापरातले मोजावेतच, पण बंद पडलेले आधी मोजावेत. वापरातला वाचणारा चुकला तर त्याच दिवशी कळतं. बंद पडलेला चुकला, तर तो पुन्हा सुरू होईल त्या दिवशी कळतं. नाइटला ते सात वर्षांनी, सकाळी साडेनऊला कळलं.